वाऱ्यापावसातली मास्तरीण

मी माझ्या मुलीबद्दल आठ वर्षं खोटं बोलत होते. धडधडीत खोटं नव्हे. तेवढी हिंमत असती तर बरं झालं असतं. इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "मुलगी काय करते सध्या?" की मी म्हणायचे, "ती सेफ्टी ट्रेनिंगमध्ये आहे." पुढे समोरचा माणूस आपापल्या वकुबाप्रमाणे अर्थ लावायचा. कुणाला केमिकलची फॅक्टरी वाटायची, कुणाला वीज कंपनी. एका काकूंनी तर ती विमानतळावर मोठ्या हुद्द्यावर आहे असं परस्पर ठरवून टाकलं. मी तेही दुरुस्त केलं नाही.

खरं असं, की माझी मुलगी मोटरसायकल चालवायला शिकवते. एका कॉलेजच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये प्लॅस्टिकचे नारिंगी कोन मांडून, अंगात पिवळा रेनकोट घालून, शनिवार-रविवार आठ-आठ तास उभी राहून. इंजिनियरिंगची अडीच वर्षं झाल्यावर तिने कॉलेज सोडलं आणि घरी येऊन सांगितलं, की मला हेच करायचंय. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आमच्या श्रूजबरी गावात तिच्या वयाची मराठी मुलं डॉक्टर होत होती, वकील होत होती, कुणी नाटकात गेलं तर त्याचंही कौतुक होत होतं. मोटरसायकलचं मात्र कौतुक कसं करतात ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला तर नव्हतंच.

मी स्वतःला सांगायचे, की मला भीती वाटते. ते अगदीच खोटं नव्हतं. तीस वर्षं मी हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. उन्हाळा लागला की आमच्या टेबलावर मोटरसायकलवाले यायचे, आणि माझी नजर पहिल्यांदा त्यांच्या बुटांवर जायची. तिचे बूट नाहीत एवढं दिसलं की मग मी माणसाकडे बघायचे. पण भीती वाटणारी बाई गप्प बसते, फार तर रडते. ती मुलीचे हुद्दे फुगवून सांगत फिरत नाही. मला लाज वाटत होती. हे आज लिहितानाही हात जड होतो, पण लिहायलाच हवं.

एका गणपतीच्या आरतीनंतर मी तशीच "सेफ्टी ट्रेनिंग" म्हणाले आणि मागे वळले, तर मुलगी प्रसादाची ताटली घेऊन उभी. तिने सगळं ऐकलं होतं. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "आई, इट्स ओके." त्यानंतर पाच वर्षं ती मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. क्लास असतो, असं सांगायची. क्लास शनिवार-रविवारीच असतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये मंडळाची मीटिंग झाली आणि येत्या गुढीपाडव्याला शोभायात्रा काढायचं ठरलं. ठाण्या-डोंबिवलीच्या शोभायात्रांचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर येऊन गेले होते: नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या, नथ घातलेल्या बायका ऐटीत मोटरसायकलवर. आमचे अध्यक्ष मूळ नागपूरचे, उत्साही, मनाने चांगले, पण सायकलच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात दोन चाकांवर काही चालवलेलं नाही. तेच सगळ्यात पुढे होते. "आपल्या बायका काय कमी आहेत का? कोणाला चालवता येते, सांगा बरं!"

माझा हात आपोआप वर गेला. "मेडिकलला असताना चार वर्षं दादाची मोटरसायकल चालवली आहे मी. पुण्यात." शेवटच्या शब्दावर मी जरा जोर दिला. आमच्या वेळी मुली फार तर मोपेड चालवायच्या. मी किक मारून निघाले की आमच्या पेठेतली कट्ट्यावरची मंडळी उठून बघायची. पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाचा असा एक पक्का समज असतो, की आता जगात कुठेही चालवायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. बासष्टाव्या वर्षीही माझा तो समज शाबूत होता. टाळ्या पडल्या, आणि मला शोभायात्रेची सगळ्यात पुढची गाडी देण्यात आली.

घरी आल्यावर लक्षात आलं, की इथे मोटरसायकलचं लायसन्स वेगळं लागतं, आणि ते सरळ मिळवायचं तर दोन दिवसांचा कोर्स करावा लागतो. मी कॉम्प्युटरवर शोधत बसले. नवरा पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "घरात मास्तरीण असताना शोधतेस काय?"

मी मुलीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई, आर यू सीरियस?"

"हो."

ती म्हणाली, "फाइन. पण स्टुडंट म्हणून ये. आई म्हणून नको. आणि मी तुला पास करणार नाही. तू पास झालीस तर होशील."

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी मी हजर झाले. आम्ही आठ जण होतो. कॉलेजातली पोरं, एक नर्स, एक नवराबायको, आणि एक अवाढव्य दाढीवाला ट्रक ड्रायव्हर. मी पुण्याच्या पद्धतीने ओढणी डोक्यावरून घेऊन, नाक-तोंड झाकून, मानेमागे गाठ मारून गेले होते. वर हेल्मेट. चाळीस वर्षांनी बांधली तरी गाठ एका फटक्यात जमली, याचा मला अभिमान वाटत होता.

मुलगी रांगेतून एकेकाचं हेल्मेट तपासत माझ्यापाशी आली. "मॅम, दॅट हॅज टु कम ऑफ."

बाकीच्या सातांना ती नावाने हाक मारत होती. मी मॅम. मी ओढणी सोडत असताना तिने सगळ्या वर्गाला कारण सांगितलं. टोक सुटलं तर चेनमध्ये जातं. आणि नाकावर कापड असलं की श्वास वर चढतो, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. पावसात तर समोरचं काहीच दिसेनासं होतं. सगळं खरं होतं. तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दिवसभर मी वाट बघत होते, की ती कुणाला तरी सांगेल, ही माझी आई. तिने सांगितलं नाही. माझ्या रांगेत उभी राहिली, माझ्या चुका काढल्या, पुढे गेली. आपलं माणूस समोर असून आपल्याला ओळख देत नाही, हे कसं टोचतं ते मला त्या दिवशी कळलं. कळायला हवंच होतं.

आणि तरी बघा. जेवणाच्या सुट्टीत ट्रक ड्रायव्हरने सँडविच खाता खाता मला सहज विचारलं, तुमच्या घरात कुणी चालवतं का? मी म्हणाले, "माझा भाऊ चालवायचा. खूप वर्षांपूर्वी." दोन पावलांवर मुलगी बाटलीत पाणी भरत होती. तिने झाकण लावलं आणि ती कोनांकडे निघून गेली. इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलं की तेच बाहेर पडायचं.

रविवारी पाऊस होता. भुरभुर नव्हे, चांगला पाऊस. मला वाटलं क्लास कॅन्सल होणार. मुलगी उलट खुशीत. "परफेक्ट," ती म्हणाली, "एरवी मला पाऊस नुसता सांगावा लागतो." मग तिने आम्हाला पार्किंग लॉटमधून पायी फिरवलं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा पाऊस सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावर महिनाभर सांडलेलं तेल तेव्हा वर येतं. पांढरे पट्टे ओले झाले की बूट घासून बघा, कसे सरकतात. गटाराचं झाकण, लोखंडी पत्रा, ओली पानं, यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेकही लावायचा नाही. पुढच्या गाडीपासून एरवी ठेवता त्याच्या दुप्पट अंतर ठेवा, आणि तिच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेलं असतं त्या पट्ट्यातून चला. बोलता बोलता ती ओल्या पट्ट्यावर एक पाय घसरवून दाखवायची आणि पुन्हा सरळ व्हायची. मी वर्गातली सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी, आणि मला सगळ्यात जास्त ऐकू येत होतं.

पण ऐकणं वेगळं. ब्रेकच्या सरावाला माझी पाळी आली, मी गाडी पळवत आणली, तिने हात वर केला, आणि माझ्या उजव्या पायाने दादाचंच ऐकलं. दादाने शिकवताना सांगितलं होतं, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील, मागचा दाब. आमच्या पिढीत सगळ्यांना हेच शिकवलेलं. मी मागचा दाबला, तोही सगळा जोर लावून. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी बाजूला घसरली, आणि मी ओल्या डांबरावर आडवी.

वेग फार नव्हता. मुलगी धावत आली, गुडघ्यावर बसली. मान दुखते का, बोटं हलव, श्वास नीट येतो का. हे सगळं तिने इंग्रजीत, शांतपणे, एकामागून एक विचारलं. मीही एखाद्या पेशंटला याच क्रमाने विचारलं असतं. मग एकदम तिचा आवाज बदलला.

"लागलं का गं, आई?"

वर्ग आमच्याभोवती जमला होता. ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "यू नो हर?"

मुलगी उभी राहिली. मला हात देऊन तिने उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धिस इज माय मॉम. अँड शी जस्ट शोड यू व्हॉट नॉट टु डू."

सगळे हसले. मीही हसले. ट्रक ड्रायव्हर मात्र हसता हसता माझ्याकडे बघत राहिला. काल मी त्याला भावाचं सांगितलं होतं ना. मला आठ वर्षांत जे जमलं नाही ते तिने एका वाक्यात उरकलं होतं, तेही मी तिच्या वर्गात ओल्या चिंधीसारखी पडलेली असताना.

दुपारी तिने मला बाजूला घेतलं. "आई, लहान असताना तू मला एकदा हॉस्पिटलात नेलं होतंस. बाहुल्याच्या तोंडावर मास्क ठेवून श्वास देण्याची ती पिशवी दाबून दाखवलीस, आठवतंय? मी जोरात दाबली तर ओरडलीस मला."

"हिसका द्यायचा नसतो म्हणून."

"एक्झॅक्टली. ब्रेक म्हणजे तीच पिशवी. दोन्ही ब्रेक. हळू सुरू करायचं, मग वाढवत न्यायचं. हिसका नाही."

तीस वर्षं माझ्या हाताने तेवढंच केलं होतं. मी पुन्हा गाडी आणली, तिने हात वर केला, मी दाबत गेले. गाडी पावसात, सरळ, कोनाच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. मुलीने लगेच पुढच्याला बोलावलं. पण मी तिच्याकडे बघत राहिले. ती पोरांना स्वतः करून दाखवत होती, पाणी उडवत यायची आणि ठरवल्या रेषेवर अलगद उभी राहायची. मी आयुष्यात चांगले आणि वाईट असे अनेक सर्जन जवळून पाहिले आहेत. कुणाचा हात चांगला ते मला दोन मिनिटांत कळतं. माझ्या मुलीचा हात चांगला आहे, आणि हे कळायला मला इतकी वर्षं लागली, याचं मला तिथेच रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

मी पास झाले. बासष्टाव्या वर्षी, पहिल्या फटक्यात. फोटो काढून पुण्याला दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, की पुढचा ब्रेक लावायचा असतो.

मी एक जुनी मोटरसायकल घेतली आणि ऑक्टोबरभर मुलगी मला रस्त्यावर घेऊन गेली. हवामान बिघडलं की तिचा फोन यायचा, "आई, विंडी आहे. चल." तळ्यावरच्या मोठ्या पुलावर वारा कसा असतो ते मी मोटारीत बसून वीस वर्षं पाहिलं होतं, म्हणजे काहीच पाहिलं नव्हतं. झाडांचा आडोसा संपतो आणि कुणीतरी खांद्याला धक्का द्यावा तसा झोत येतो. पहिल्या दिवशी मी हँडल असं आवळलं, की वाऱ्याचा प्रत्येक धक्का माझ्या हातातून सरळ चाकात गेला आणि गाडी पुलावर नागमोडी चालली. हेल्मेटमधल्या स्पीकरमधून तिचा आवाज. "कोपर सैल. गुडघ्यांनी टाकी धर. लेनच्या मध्ये राहा. वाऱ्याशी भांडू नकोस, आई. गाडीला थोडं हलू दे."

भांडू नकोस, हे मला कुणी आजवर यशस्वीपणे सांगितलेलं नाही. पण मी कोपर सैल सोडले आणि गाडी खरंच शांत झाली. ट्रक शेजारून गेला की आधी हवा ढकलते, मग ओढते. आडोसा कुठे संपतोय ते आधीच बघून ठेवायचं. नजर चाकापुढे नाही, जिथे जायचं तिथे. आणि झोत एवढे वाढले की लेन सांभाळता येत नाही, तर पहिल्या सुरक्षित जागी बाहेर पडायचं आणि थांबायचं. "थांबायला लाजायचं नाही," ती म्हणायची, "थांबणं इज अ स्किल."

एकदा असंच थांबून आम्ही डोनटच्या दुकानात हातमोजे सुकवत बसलो होतो. तिने कॉफीच्या कपाकडे बघत विचारलं, "आई, ते सेफ्टी ट्रेनिंग. वॉज इट बिकॉज यू वर स्केअर्ड?"

भीती म्हटलं असतं तर सुटले असते. "नाही," मी म्हणाले. "लाज वाटायची."

"आय नो," ती म्हणाली. "मला फक्त ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." आणि तिने तिचा अर्धा डोनट माझ्यापुढे सरकवला. मी खाल्ला. पण हे दोघींत झालं. लोकांसमोर केलेलं दोघींत फिटत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तिलाही. मी तिला शोभायात्रेला ये म्हटलं. ती म्हणाली, बघू.

एप्रिलमधल्या शनिवारी शोभायात्रा होती. मुहूर्ताचा पाडवा होऊन गेला होता, पण आमच्याकडे सण सोयीच्या शनिवारी येतात. माझ्यामागे आणखी दोघी होत्या, आयटीमधल्या तरुण मुली, दोघींनी हिवाळ्याच्या आधी माझ्या मुलीकडेच लायसन्स काढलं होतं. त्यांना तिचं काम माहीत होतं, पण मंडळात त्या नव्या होत्या आणि लाजाळू. रस्ता दोन मैलांचा, शाळेच्या पार्किंगपासून हॉलपर्यंत, मध्ये तळ्याकाठचा उघडा तुकडा. टाउनची परवानगी होती, पुढे पोलिसांची एक गाडी. आणि सकाळपासून पाऊस, वर वारा. ढोलवाले पत्र्याखाली उभे. मंडळी छत्र्या सांभाळत होती, छत्र्या उलट्या होत होत्या.

मुलगी आली होती. पिवळ्या रेनकोटात, पार्किंगच्या कडेला, स्वतःच्या गाडीपाशी. पाच वर्षांनी.

माझी गाडी मी आदल्या दिवशीच तिथे आणून ठेवली होती. तिच्याकडे गेले आणि बघतच राहिले. अध्यक्षांनी पहाटे येऊन माझ्या गाडीच्या मागे गुढी उभारली होती. सहा फुटी बांबू, कॅरियरला दोरीने आवळलेला, वर हिरवीगार रेशमी साडी, कडुलिंब, साखरेची गाठी, तांब्या. बांबू वाऱ्याबरोबर वाकत होता, आणि उभी गाडी स्टँडवर डुलत होती. इतक्या प्रेमाने बांधलेली गुढी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि इतकी धोक्याची तर नाहीच.

मुलगी जवळ आली, तिने बांबूला हात लावला. "काका, हे काढावं लागेल. साडी वारा पकडते. उघड्यावर गेलो की शिडासारखं होईल, गाडी आडवी जाईल."

"अगं, दोन मैल तर आहे!" अध्यक्ष हसले. "तिकडे आपल्या बायका भर गर्दीत गुढ्या घेऊन जातात. वहिनी चालवतायत, त्यांना अनुभव आहे."

"काका, तिकडे पंधराच्या स्पीडने जातात, आणि आजच्यासारखा वारा नसतो."

तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर प्रेमाने थोपटलं. "बेटा, तू सेफ्टीमध्ये आहेस, मला माहितेय. फॅक्टरीत ते सगळे रूल्स बरोबर असतात. पण हा सण आहे. इथे थोडं ॲडजस्ट करायचं."

चारचौघांनी माना डोलावल्या. विमानतळवाल्या काकूंनीही. मुलीने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. मी काय करते, एवढंच बघत होती.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचं कुणी ऐकलं नसतं, तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांचं सगळे ऐकत होते, आणि तिचं कुणीच ऐकत नव्हतं, ते माझ्यामुळे. सगळ्यांच्या डोक्यात फॅक्टरी मी घातली होती. आता त्या फॅक्टरीपायी तीन बाया उघड्या रस्त्यावर वाऱ्यात निघणार होत्या, आणि एकीच्या पाठीमागे शीड.

ढोलवाल्यांचा माइक पत्र्याखाली होता. मी तो घेतला. माझा आवाज मुळातच मोठा आहे, माइकवर तर तो पार्किंगच्या टोकाला गेला.

"मंडळी, मी तुमच्याशी आठ वर्षं खोटं बोलले. माझी मुलगी कुठल्याही फॅक्टरीत नाही आणि विमानतळावरही नाही. ती मोटरसायकल चालवायला शिकवते. तोच तिचा व्यवसाय आहे. मला लाज वाटत होती म्हणून मी लपवलं. लाज माझी होती, तिची नाही. मला तिने शिकवलं, मी पडले तेव्हा तिने उठवलं, आणि या दोघींनाही तिनेच शिकवलं. आज या हवेत कोण निघणार, कसं निघणार, निघणार की नाही, ते ती ठरवेल. ती नाही म्हणाली तर आम्हीही तुमच्याबरोबर चालत येऊ. अध्यक्ष, गुढी काढा."

मग अध्यक्ष, खरंच मनाने चांगला माणूस, वाकले आणि दोरीची गाठ सोडवू लागले. ओली गाठ सुटेना. ती सोडवायला माझा नवरा गेला.

मुलगी एकदम कामाला लागली. पंधरा मिनिटं तिने रस्त्याच्या कडेची झाडं बघितली, फोनवर वाऱ्याचा अंदाज बघितला, पायाने डांबर घासलं. मग त्या दोघी मुलींपाशी जाऊन हळू आवाजात बोलली. पावसात तुमचा सराव झालेला नाही, आज नको. पुढच्या महिन्यात मी घेऊन जाईन. एकीने हुश्श केलं. दुसरीचे डोळे भरले, पण तिनेही मान हलवली. त्या मागून ढोलांबरोबर चालत आल्या, फेटे बांधून.

मग ती माझ्याकडे वळली. मी मनाची तयारी केली होती, की मलाही नाही म्हणणार, आणि मी ते मुकाट्याने ऐकणार होते, जे माझ्या बाबतीत फार वेळा घडलेलं नाही. तिने माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून हेल्मेटचा पट्टा तपासला. बोटं थंडगार होती.

"तू पुढे," ती म्हणाली. "वीसच्या वर नाही. मी मागे आहे."

नऊवारीचा काष्टा जाड पॅंटवर घट्ट, वर रेनकोट, डोक्यावर हेल्मेट. नथ घरीच ठेवलेली. व्हिडिओतल्या बायकांच्या ऐटीपुढे मी म्हणजे बांधलेलं गाठोडं दिसत असणार. तळ्याकाठी आडोसा संपला आणि झोत आला. मी कोपर सैल सोडले, गुडघे आवळले, समोर बघितलं. गाडी थोडी हलली, सावरली. पांढऱ्या पट्ट्यापासून लांब, झाकणांना वळसा घालून, पोलिसांच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून मी ती दोन मैलांची शोभायात्रा नेली. मागून हेल्मेटमध्ये एकच शब्द येत होता, "गुड. गुड."

हॉलमध्ये ती जेवायला थांबली. श्रीखंडाच्या रांगेत ती माझ्या पुढे उभी होती, केस ओले, हातात ताट. मंडळात नव्याने आलेलं एक जोडपं मागे होतं, त्यांना उशीर झाला होता, शोभायात्रा चुकली होती. बाईंनी मला सहज विचारलं, "मावशी, त्या पिवळ्या रेनकोटवाल्या कोण?"

मी सांगायला सुरुवात केली. ही माझी मुलगी, ही काय करते, कुठे शिकवते, पावसात कशी उभी राहते, तिचा हात कसा आहे, आजवर किती जणांना तिने रस्त्यावर धडधाकट ठेवलं असेल, आणि तुम्हा दोघांना शिकायचं असेल तर सप्टेंबरची वाट बघू नका. श्रीखंड वाढणाऱ्या काकू डाव घेऊन उभ्या राहिल्या. मागची रांग दारापर्यंत गेली.

"आई," मुलगी कानापर्यंत लाल होऊन म्हणाली, "आई, प्लीज. पीपल आर वेटिंग."

वाट बघू देत, म्हटलं, आणि मी पुढचं सांगायला लागले.